दुपट्यावरचे लाल डाग

एका गावात एक आई होती. आई होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यामुळे बाळ रडलं की ती घाबरायची आणि शांत पडून राहिलं की जास्तच घाबरायची.

बाळाला तेल-हळद लावून न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. एका सकाळी सासूबाई परसातून ओरडल्या, "अगं, दुपट्यावर रक्त!"

राखेच्या पाण्यात भिजवलेल्या दुपट्यावर लाल डाग पसरले होते.

"आजी, फार रगडलंत बाळाला. उद्यापासून येऊ नका," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, तुझा लेक याच पायांवर न्हाला," म्हातारी कळवळली. "गावात कळलं तर कोण देईल माझ्या पायांवर बाळ?"

आईलाही रक्तच वाटलं होतं. तिनं बाळाची वळी न् वळी पाहिली. ओरखडासुद्धा नव्हता. बाळ खुदकन हसलं.

"रक्त असेल तर जखम हवी ना?" आईनं विचारलं.

"आत असेल," सासूबाई म्हणाल्या.

पण आईला आठवलं, दुपटं भिजवताना डाग पिवळे होते. तिच्या माहेरी कुंकू करायचे. हळदीत चुन्याचं पाणी पडलं की ती लाल व्हायची. राखेचं पाणीही चुन्यासारखंच बुळबुळीत, हात सोलणारं. इथंही तसंच झालं असेल का? की म्हातारी आवडते म्हणून आपल्याला हे सुचतंय?

तिनं एका चिंधीला अर्ध्यापर्यंत हळद फासली आणि ती राखेच्या पाण्यात बुडवली. तेवढाच अर्धा भाग लाल झाला.

"चिंधी लाल झाली, म्हणून दुपट्यावर रक्त नाही असं कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

"तेही खरंच," ती म्हणाली. "पण कुंकवात आंबट पडलं की ते परत पिवळं होतं. डाग हळदीचे असतील तर लिंबानं पिवळे होतील. नाही झाले, तर आजींना मीच नको म्हणेन."

म्हातारीनं डोळे मिटले. आईनं दुपट्यावरच्या एका डागावर लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला.

"त्या कोपऱ्यातल्या डागावरही पीळ," सासूबाई म्हणाल्या.

तोही पिवळा झाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः न्हाणीत पाट मांडला. "बसा आजी, पाणी तापलंय."

तेवढ्यात बाळ शिंकलं.

"अगंबाई, सर्दी!" आई दचकली.

"दुसरी शिंक तरी येऊ दे गं," म्हातारी म्हणाली.

तात्पर्य एवढंच: पहिला तर्क बहुतेक वेळा भीतीच करते. त्यावर लिंबू पिळून बघावं, आणि आपल्याला आवडलेल्या तर्कावर तर दोनदा.