महाराज आणि न वळणारी बग्गी

लाखाचं तेल भरल्यापासून महाराजांची बग्गी वळायलाच तयार नव्हती. सरळ वाटेवर बाणासारखी सुटायची, पण वळण आलं की नाकासमोर जाऊन कडेच्या पेंढ्यांत घुसायची. आणि हरपळच्या इनामदारांशी शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला!

बग्गी घोड्याची नव्हे. रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची, चार चाकांची. रणजुंझारराजांचं संस्थान त्यांच्या आजोबांच्या काळातच गेलं होतं. पण निळोलीतली माणसं त्यांना अजून महाराज म्हणत, आणि हट्ट तर राज्य चालू असल्यासारखाच होता. घोड्यांच्या रिकाम्या पागेत त्यांनी वर्कशॉप काढलं होतं, पुढच्या मैदानात तांबड्या मातीचा ट्रॅक. वर्कशॉप सांभाळायची सगुणा पोवार, डोंगरातल्या एका शेतकऱ्याची मुलगी. पागा झाडून काढण्यापासून भिंतीवर पहिलं हत्यार टांगण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. श्रेय अर्थातच महाराजांचं.

मग पुण्याहून चौबळ आले. सल्लागार. टोपी परदेशी, बूट परदेशी, आणि मत कायम तयार.

अशा गाडीत पुढे, मधे आणि मागे चुन्याच्या डबीएवढी एकेक पेटी असते. तिला डिफ म्हणतात. तिच्यात दाट तेल असतं. तेल पातळ असेल तर जोडीतली दोन चाकं आपापल्या वेगानं फिरतात. फार घट्ट असेल तर जखडल्यासारखी बरोबरच फिरतात. मधली पेटी हेच काम पुढच्या आणि मागच्या जोडीत करते. सगुणा पाच हजार, सात हजार, तीन हजार अशा आकड्यांची तेलं भरायची. हे आकडे किमतीचे नव्हेत, घट्टपणाचे. चौबळांनी बाटल्या पाहिल्या आणि महाराजांना विचारलं, एवढं मोठं घराणं, आणि गाडीत हजारांतलं तेल? महाराजांना ते लागलं. त्यांनी लाखाची बाटली मागवली आणि स्वतःच्या हातानं तिन्ही डिफमध्ये ओतली.

गाडी वळेना तेव्हा चौबळांनी निदान केलं, की मुलीनं बेअरिंग चुकीची बसवली. सगुणा म्हणाली, तेल. पुन्हा म्हणाली, तेल. तिसऱ्यांदा महाराज भडकले.

"तेल आम्ही भरलंय. तो शब्द आता आमच्यासमोर कुणी काढायचा नाही. बदलायचं असेल तर हुकूम आमच्या तोंडून निघेल. आणि दिवस मावळायच्या आत गाडी वळली नाही, तर पागा चौबळांच्या ताब्यात द्यायची आणि तू घरी जायचं."

"म्हणजे शब्द न काढता पटवायचं, महाराज?"

"जमत असेल तर पटव."

चौबळ पागेत नजर फिरवून आपलं टेबल कुठं ठेवायचं ते ठरवू लागले.

सगुणानं हातातला पाना खाली ठेवला. महाराजांनी एक वळण पायी चालून दाखवावं, चौबळसाहेबांना सोबत घेऊन, एवढीच विनंती तिनं केली. महाराजांना गंमत वाटली. ट्रॅकच्या सगळ्यात अवघड वळणावर एक खांब होता. खांबाच्या बाजूला तिनं महाराजांना उभं केलं, बाहेरच्या बाजूला चौबळांना, आणि शर्यतीचा चौकडीचा झेंडा घेऊन दोघांचे दंड करकचून एकमेकांना बांधले. अट एकच: पावलं दोघांनी बरोबर टाकायची आणि सारख्या लांबीची.

"हं, चला."

दोघं निघाले. चार पावलं, सहा पावलं, आणि सरळ पेंढ्यांत. चौबळांची टोपी उडाली. महाराजांनी मिशीतली काडी काढली आणि पुन्हा चालायचं फर्मावलं. पुन्हा पेंढ्यांतच.

"अगं, वळणार कसं?" महाराज ओरडले. "ह्यांचा फेर लांबचा, आमचा जवळचा. सारखी पावलं टाकून कसं जमेल? सोड ती गाठ."

सगुणानं गाठ पूर्ण सोडली. आता महाराज झोकात वळले, पण मागं पाहतात तर चौबळ पार पलीकडच्या कुंपणाशी पोहोचलेले. तिनं त्यांना परत बोलावलं आणि झेंडा वीतभर सैल ठेवून बांधला. या वेळी चौबळ बाहेरून भराभर चालले, महाराज आतून सावकाश, आणि वळण संपलं तेव्हा दोघं पुन्हा शेजारी होते.

महाराज बग्गीपाशी गेले. त्यांनी बग्गी उचलली आणि पुढचं एक चाक बोटानं फिरवून पाहिलं. दगडासारखं घट्ट. झेंड्याकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे पाहिलं.

"तेल काढ," ते म्हणाले.

सगुणा जागची हलली नाही.

"तो शब्द काढायचा नव्हता, महाराज."

"आम्ही काढला. आता तू तेल काढ."

"आणि भरू किती?"

"आत्ता आम्ही चाललो ना, तेवढं सैल."

पुढे पाच हजार, मधे सात, मागे तीन. ऊन उतरायच्या आत बग्गी खांबाला लागून अशी वळली, की चौबळांनी टेबलाचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी इनामदारांची गाडी अर्धा फेरा मागं राहिली.

बक्षिसाच्या ढालीभोवती माणसं जमली तेव्हा महाराजांनी सगुणाला जवळ बोलावलं.

"एक सांग. काल आम्हाला खांबाजवळ का उभं केलंस? बाहेरून पळवायचं होतंस की आम्हाला."

"मळणीत बैलांची पात खांबाभोवती फिरवतात, महाराज," सगुणा म्हणाली. "खांबाजवळ जुना, जाणता बैल बांधतात. तो चालतो थोडं, पण वळण त्यालाच कळतं. उधळ्या खोंडाला बाहेरच्या कडेला ठेवायचं. पळून पळून तो आपोआप शहाणा होतो."

महाराजांचे डोळे मोठे झाले, मिशी थरथरली, आणि मग ते असे हसले, की ढाल धरलेला हात हलायला लागला.

"ऐकलंत का, चौबळ? आजपासून तुम्ही बाहेरच्या कडेला!"

ढाल त्यांनी सगुणाच्या हातात दिली. तिनं ती ओट्यावर ठेवली, कारण लगेच रिमोटही पुढे आला होता.

"पुढची शर्यत तू चालवायचीस," महाराज म्हणाले. "आम्ही खांबाजवळ उभे राहतो."