हौसाबाईंचं लुगडं

"...मग अजून काय उरलंय माझ्यात, बुवा?"

विश्वंभरनं हे विचारलं तेव्हा अण्णाबुवा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विश्वंभर शहरातून आलेला. शिकलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. टेकडीवरच्या या मठात येऊन त्यानं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मौन झालं, उपास झाले, भर थंडीत ओढ्यावरची अंघोळ झाली. सोवळं तर असं कडक, की मठातलं मांजर पायाला घासून गेलं तरी हा पठ्ठ्या पुन्हा अंघोळीला.

आता त्याला हवी होती भगवी छाटी. बुवांनी ती आपल्या हातानं खांद्यावर टाकली की दीक्षा पुरी. छाटी आतल्या पेटीत घडी घालून ठेवलेली आहे, हेही त्यानं कधीच बघून ठेवलं होतं.

"घर सोडलं, नोकरी सोडली. मग अडलंय कुठं?"

बुवांनी पुढची शेंग फोडली.

तेवढ्यात पायऱ्या चढून हौसाबाई आल्या. खालच्या बोरवाडीतल्या. बाईंचं सगळं आयुष्य शेतात, गोठ्यात नि चुलीपुढं गेलेलं, पण मठात यायच्या त्या हसतच. आज हसल्या नाहीत. बुवांनी शेंगा बाजूला सारल्या.

हौसाबाईंची लेक सासरी दिवस भरत आलेली. प्रवास करू नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, त्यामुळं तिला माहेरी आणता येत नव्हतं. तिच्या घरी सासू नाही, दुसरं बाईमाणूस नाही. पोरगी फोनवर नुसती रडत होती. आईनं जायलाच हवं होतं, आणि आईला तर घरातून निघता येत नव्हतं.

कारण काय, तर म्हैस.

मैना तिचं नाव. व्यायली आणि रेडकू दगावलं. तेव्हापासून ती हौसाबाई सोडून कुणाच्या हाताला दूध देईना. कासेला दुसरा हात लागला की लाथ. हौसाबाईंच्या मालकांनी, रंगनाथरावांनी, एकदा हिंमत केली होती. ते अजून लंगडत होते. आणि धार काढली नाही तर कास तटतटून दगड होणार, जनावर आजारी पडणार.

"एकीकडं लेक, एकीकडं ती," हौसाबाई म्हणाल्या. "दोघीबी माझ्याच जिवावर. कुणाला टाकू, बुवा?"

"कुणालाच नको. उद्या सकाळच्या एसटीनं तू जा. धार विश्वंभर काढील."

विश्वंभरला वाटलं, बुवा थट्टा करताहेत. त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती.

"मी?"

"काय उरलंय म्हणून विचारत होतास ना? मैनेला विचार."

आमच्याकडं एक रीत आहे. धार काढणारी बाई गावाला निघाली, की आपलं अंगावरचं लुगडं मागं ठेवून जाते. जो धार काढणार त्यानं ते पांघरून बसायचं. जनावर फसतं म्हणतात. फसतं की सांभाळून घेतं, ते जनावरालाच ठाऊक. रंगनाथरावांनीही पांघरलं होतं, पण त्यांचा आवाज म्हणजे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. तो कुठल्या पदराखाली लपणार?

दुसऱ्या दिवशी एसटीला जाताना हौसाबाई मठात लुगडं देऊन गेल्या. आदला दिवसभर अंगावर असलेलं, शेणाचे हात पुसलेलं, चुलीच्या धुरानं काळवंडलेलं. बुवांनी ते आपल्या हातानं विश्वंभरच्या खांद्यावर टाकलं.

"छाटी मागत होतास. आधी हे पांघर."

विश्वंभरनं श्वास रोखून धरला. गुरूची आज्ञा मोडायची नाही, हे खरं. पण असलं मळकं पारोसं कापड अंगावर घ्यायचं म्हणजे सोवळ्याचं काय? बुवांची पाठ वळताच तो तडक ओढ्यावर गेला. रिठ्यानं धुतलं, दगडावर आपटलं, पिळलं, पुन्हा धुतलं. पदराला कसलीशी गाठ होती. ती सोडली तर आत गुळाचा खडा. तोही पाण्यात गेला. दुपारच्या उन्हात वाळून लुगडं कसं स्वच्छ झालं.

संध्याकाळी ते पांघरून हा गोठ्यात शिरला. मैनेनं मान वळवली, लुगड्याचा वास घेतला, आणि मान पुन्हा फिरवली. विश्वंभर खाली बसला. मन एकाग्र व्हावं म्हणून त्यानं खड्या आवाजात स्तोत्र सुरू केलं. पहिलं कडवं पुरं व्हायच्या आत बादली उकिरड्यावर आणि हा गव्हाणीत.

रंगनाथराव कंबर धरून हसले. पण मैनेच्या कासेकडं नजर गेली तसे गप्प झाले.

"उद्या दुपारपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाहीतर तिला फोन करतो, परत ये म्हणून. दुसरा इलाज न्हाई."

परत ये. म्हणजे तिकडं लेक एकटी. विश्वंभरला त्या वेळी पहिल्यांदा छाटीची आठवण झाली नाही. तो तसाच टेकडी चढून बुवांपुढं उभा राहिला आणि काय झालं ते त्यानं सांगितलं. पदराच्या गुळासकट.

बुवांनी तो स्वच्छ धुतलेला पदर हातात घेऊन पाहिला.

"आता मळव."

"कसं?"

"ती मळवायची तसं."

विश्वंभर लुगडं कंबरेला गुंडाळून खाली आला आणि कामाला लागला. शेण भरलं. गोठा झाडला. चूल पेटवताना धुरानं डोळे चुरचुरले, ते पदरानंच पुसले. भाकरी थापली ती कुठल्याशा देशाच्या नकाशासारखी झाली. रंगनाथरावांनी ती मुकाट खाल्ली, हा त्यांचा मोठेपणा.

पहाटे तो जपासाठी उठला, तर मैना त्याच्या आधी उठून रेकत होती. जप राहिला. पाणी, वैरण, पुन्हा शेण, गोवऱ्या, पुन्हा चूल. गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना तो चिखलात घसरला. हौसाबाईंचा दिवस सुरू कुठून होतो आणि संपतो कुठं, तेच त्याला सापडेना. वर ही बाई हसत हसत मठात यायची, देवापुढं ठेवायला दही घेऊन. हे एवढं उरकून ती हसायची कधी, या विचारानं त्याला भर उन्हात गलबलून आलं.

दुपार झाली. रंगनाथराव फोन हातात घेऊन ओसरीवर बसले.

विश्वंभर गोठ्यात गेला. लुगड्याला आता शेण होतं, धूर होता, पीठ होतं, घाम होता. रंगनाथरावांकडून मागून घेतलेला गुळाचा खडा पदरात बांधलेला होता, हौसाबाई मैनेसाठी बांधायच्या तसा. मैनेनं मान वळवली. पदर हुंगला. बराच वेळ हुंगला...

तो खाली बसला. स्तोत्र म्हणायचं त्राण नव्हतं. त्यानं डोकं तिच्या पोटाला टेकलं आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटला. भाकरी करपली गं बाई. पाठ मोडली. तिकडं ती पोरगी वाट बघतीय आईची, तुझ्या एकटीची नाही ती आई. तुझं रेडकू गेलं, ते वाईटच झालं. पण थोडं घे ना सांभाळून.

बादलीत धार वाजली.

ओसरीवर रंगनाथराव ताडकन उठले, आणि त्याच वेळी फोन वाजला. पलीकडं हौसाबाईच होत्या. त्यांनी आधी विचारलं, मैनेनं दूध दिलं का. मग विचारलं, जेवलात का. मग सांगितलं, नात झाली, दोघी सुखरूप आहेत.

"तू ऱ्हा," रंगनाथराव म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज बारीक झाला होता. "इथलं चाललंय झ्याक."

पलीकडं हौसाबाई रडत होत्या...

बाळाचं बारसं करून त्या परतल्या. एसटीतून उतरल्या त्या थेट गोठ्यात. मैनेनं त्यांचा हात चाटून घेतला आणि मग पुन्हा तोंड विश्वंभरच्या पदराला लावलं. हौसाबाईंनी कपाळाला हात लावला.

"काय ओ महाराज, माझ्या लुगड्याची काय दशा केली," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग बारशाच्या घुगऱ्यांचा डबा त्यांनी त्याच्या हातात दिला, वर मठात न्यायला.

तो डबा घेऊन विश्वंभर टेकडी चढला. लुगडं अंगावरच राहिलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. ओट्यावर दर्शनाला आलेली चार माणसं त्याच्याकडं बघत राहिली. हा मात्र बुवांना मैनेचं सांगत होता. कास मऊ आहे, खाणं चांगलं आहे, आता बाई आल्यात, मग काळजी नाही.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. उठून आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भगवी छाटी होती. कोरी, घडीची.

ती घ्यायला विश्वंभरनं हात पुढं केले. मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली. नखांत शेण होतं.

"थांबा बुवा. हात धुऊन येतो."

बुवांनी छाटी त्याच्या खांद्यावर टाकली, त्या लुगड्यावरच.

"धुऊ नकोस," ते म्हणाले. "हीसुद्धा."