धुक्यातली खोटी हाक

मुलांनो, दाट धुक्यात कोणी ओरडले, "थांबा, पुढे मी आहे," तर तुम्ही काय कराल? थांबाल. एका तळ्याकाठचे पक्षीही थांबत. धुक्यात उडणाऱ्याने आपली जागा पुकारावी आणि ऐकणाऱ्याने वाट द्यावी, असा त्यांचा नेम होता.

एका हिवाळ्यात मात्र या नेमाचाच घोळ होऊ लागला. पाणकावळ्याची हाक तळ्यावर घुमे, आणि पाणकावळा तर काठावर बसलेला असे. "मी इथे आहे, मग तिथे कोण?" असे तो विचारी. भांबावलेले पक्षी मागे वळत, फांद्यांवर आपटत, आणि चोचीतला मासा खाली पडे. करकोचीची पिले तर भुकेने माना टाकू लागली होती.

एका धुकट सकाळी करकोची मासा घेऊन चिंचेवरच्या घरट्याकडे निघाली, तोच बगळ्याची हाक आली, "थांब! चिंचेपाशी मी आहे!"

ढोलीतल्या म्हाताऱ्या घुबडाने पैलतीरावरच्या खंड्याला विचारले, "हाक कुठून आली रे?"

"शेवरीच्या झाडाकडून, आजोबा."

"मलाही या काठावरून तिकडूनच ऐकू आली. करकोचे, चिंचेपाशी कोणी नाही. सरळ जा."

करकोची घुटमळली. "आजोबा, आवाज तर बगळ्याचाच आहे हो!"

"आवाज त्याचा असेल. जागा खोटी आहे."

"मावशी, त्याचे काय ऐकता?" पुन्हा बगळ्याचाच आवाज आला. "दिवसा त्याला स्वतःची ढोली तरी दिसते का?"

करकोचीला काही सुचेना. पिले डोळ्यांपुढे आली. तिने देवाचे स्मरण केले आणि ती सरळ गेली. चिंचेपाशी कोणीही नव्हते.

शेवरीवर होता काळा कोतवाल पक्षी. कोणाचीही नक्कल हुबेहूब करण्याचे दान देवाने त्याला दिले होते. ते त्याने पक्ष्यांना चकवून मासे लुबाडण्यात घालवले. आजही करकोची वळणार आणि मासा पडणार, अशा खात्रीने त्याने तिच्या वाटेवर झेप घेतली होती. ती वळली नाही. तिच्या मोठ्या पंखाचा तडाखा बसून तो काठावरच्या बोरूच्या बेटात कोसळला. त्याचा पंख मोडला.

तेव्हा त्याने प्रथमच स्वतःच्या आवाजात आपली खरी जागा पुकारली. ती हाक बोरूत दबा धरून बसलेल्या मुंगसाने ऐकली.

तात्पर्य इतकेच : हाक कोणाची वाटते यावर विसंबू नये, ती कोठून येते हे पडताळावे, आणि देवाने दिलेल्या वाणीने जो दुसऱ्याची वाट चुकवतो, त्याला त्याची भरपाई स्वतःच्या प्राणाने करावी लागते.