हौदाचा राखणदार

फार वर्षांपूर्वी दख्खनमधल्या एका सराईत, मशिदीच्या भिंतीलगत, जनावरांचा हौद होता. तो राखणारा म्हातारा उंट वारल्यावर सगळ्यांनी मिळून ते काम यासीन गाढवाकडे सोपवलं. हौद म्हणजे सर्वांची अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव, म्हणून नेम एकच होता: पाणी वाटणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी प्यायचं.

त्या उन्हाळ्यात सराईची विहीर आटली आणि हौदाचा तळ दिसू लागला. यासीनचा पुतण्या, एक धट्टंकट्टं खेचर, रांग मोडून पुढे आलं.

“चाचा, घरचं माणूस हौदावर आणि आम्ही शेळीच्या मागे? लोक हसतील हो!”

यासीनचा घसाही कोरडा पडला होता. याला आधी पाजलं, तर आपल्यालाही एक घोट घ्यायला कोण अडवणार? क्षणभर त्याचं मन डळमळलं.

“हसू देत,” तो म्हणाला. “अल्लाहने जाब विचारला, तर तू येणार आहेस का उत्तर द्यायला? हो मागे.”

तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानपर्यंत, सगळ्यांना पाणी मिळालं, फुरफुरणाऱ्या खेचरालाही. यासीनची पाळी आली, तेव्हा हौदात नुसता गाळ उरला होता.

“यासीनभाई, तुम्हाला उरलंच नाही की!” शेळी कळवळली. “उंटबाबांचं बरं होतं. त्यांना तहानच लागायची नाही.”

यासीन गाळाकडे बघत राहिला. इतके उन्हाळे तो बाबांच्या देखत पोटभर प्याला होता.

“लागायची, आपा,” तो हळूच म्हणाला.

मग पश्चिमेकडे तोंड करून कोरड्या गळ्याने त्याने उंटासाठी दुवा मागितली. बाबांनी पाजलेला एकेक घोट आठवताना त्याला स्वतःच्या तहानेचा विसर पडला.