तारवाची कडी

“तारवाचं दार कुणी लावलं?”

“बाबा, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा विचारताय.”

“आणि तू तिसऱ्यांदा दुसरंच काहीतरी सांगतोयस.”

शांतवननं कपाळावर हात मारून घेतला. “परमेश्वरानं लावलं. उत्पत्ति, सातवा अध्याय. संडे स्कूलचं पोरसुद्धा सांगेल!”

“चला, पोराइतकं तरी जमलं,” असं म्हणून ओहोळबाबांनी गालाला साबण फासला आणि खिळ्याला अडकवलेल्या आरशात पाहत ते दाढी करू लागले.

आता वस्तरा गालावर असताना माणसाशी वाद घालायचा कसा? शांतवन अंगणात येरझाऱ्या घालू लागला. रविवारची सकाळ. पहिली घंटा व्हायची होती, आणि त्याला हवं असलेलं एक वाक्य काही केल्या म्हाताऱ्याच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं.

शांतवन मकासरे हा त्या प्रवराकाठच्या गावातला तरुण पाळक. एलिया ओहोळ हे त्याचे बायबल शाळेतले गुरू. स्वतः आयुष्यभर पाळकपण करून आता निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत शांतवन सगळ्यात हुशार, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिथंच घोडं पेंड खात होतं.

गावातल्या दगडी चर्चला तिकडचे ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतात. त्या देवळात शांतवननं मोठ्या तयारीनं एक प्रवचनमाला चालवली होती. जुन्या-नव्या करारातल्या गोष्टी म्हणजे शेवटच्या, न्यायाच्या दिवसाची छाया आहेत, असं त्याचं सांगणं. नोहाचं तारू घ्या. जलप्रलय आला, दार लागलं, बाहेरचे बुडाले. सदोम शहर घ्या. लोटाच्या घराचं दार देवदूतांनी लावलं, बाहेरचे आंधळे झाले. दहा कुमारींचा दाखला घ्या. वर आला, लग्नघराचं दार लागलं, पाच जणी बाहेर राहिल्या. तीन दारं आणि एकच इशारा.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण शांतवनला नुसतं सांगून समाधान होईना. त्यानं नियम काढला, तिसरी घंटा झाली की देवळाचं दार बंद. आतून कडी. मग कुणीही येवो.

त्या देवळाला दार एकच, आणि ते सांभाळायला होते बर्णबा तात्या. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. गाडी सुटताना पळत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार ओढायची जन्माची सवय, तिला आता शास्त्राचा आधार मिळाला! तात्या हरखून गेले. म्हशीची धार काढून येणाऱ्या बाया बाहेर राहिल्या, लेकराला न्हाऊ घालून येणारी सून बाहेर राहिली. मंडळी कुरकुरली. शेवटी देवळाचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी ओहोळबाबांना फोन केला, तुमच्या चेल्याला तुम्हीच आवरा म्हणून.

चेल्याला मात्र वाटलं, गुरुजी आपली पाठ थोपटायला आले.

“बाबा, एवढंच सांगा. तारवाचं दार ही शेवटच्या दिवसाची छाया आहे की नाही?”

“असेल.”

“असेल म्हणजे? तुम्हीच शिकवलंत!”

“शिकवलं असेल. पण छाया बघून माणसाची उंची सांगू नये, शांतवन. दुपारची वेगळी पडते, संध्याकाळची वेगळी.” त्यांनी हनुवटी वर केली. “तारवाला लाकूड कोणतं?”

“गोफेर.”

“आतून काय लावलं?”

“राळ. आतून आणि बाहेरून.”

“लांबी, रुंदी, मजले, खिडकी... सगळं लिहिलंय ना? मग दाराची कडी कोणत्या बाजूला होती?”

शांतवन थबकला. “कडीचं... लिहिलेलं नाही.”

“नाही ना? एवढी राळ आठवली, नि कडी विसरली. नवल आहे.”

“बाबा, हा फाटे फोडण्याचा प्रकार आहे!”

“असेल.”

पहिली घंटा झाली. बाबांनी तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं आणि शांतपणे विचारलं, “रत्नाकर येणार आहे म्हणे आज.”

शांतवनच्या येरझाऱ्या थांबल्या.

रत्नाकर म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बापाच्या दफनाला तो पिऊन आला होता, आणि शांतवननं साऱ्या मंडळीदेखत त्याला हाताला धरून स्मशानाबाहेर काढलं होतं. त्यानंतर रत्नाकरनं गाव सोडलं, देऊळ सोडलं आणि खूप वर्षांनी दारूही सोडली. गेल्या रविवारी तो बायकोला घेऊन आला. पांढरा शर्ट घालून, दोन गाड्या बदलून. दुसरी गाडी उशिरा आली. त्यानं दाराला हात लावला तेव्हा आत त्याचा धाकटा भाऊ दाराबद्दलच बोलत होता. रत्नाकरनं दार वाजवलं नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि आल्या पावली परत गेला.

हे वहिनीनं फोनवर सांगितलं. पुढं हेही सांगितलं, “भाऊजी, आणखी एकदा येतो म्हणालेत. पुन्हा दार लागलेलं दिसलं तर या जन्मात देवळाचं नाव काढणार नाहीत. मला त्यांचा सोभाव ठाऊक आहे.”

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग काय, बाबा? आज भावासाठी दार उघडं ठेवलं तर लोक म्हणतील, आमच्या बायांना बाहेर उभं केलं नि घरच्यासाठी नियम मोडला. माझ्या शब्दाला काय किंमत राहील?” त्याचा आवाज चढला. “म्हणून तर म्हणतोय, तुम्ही एकदा सांगून टाका की दार हे दारच असतं! भाऊ असो नाहीतर आणखी कुणी. तुम्ही म्हणालात की माझ्या जिवाला घोर राहणार नाही.”

खरं तर त्याला रात्र रात्र झोप नव्हती. भाऊ यावा असंही वाटत होतं आणि येऊच नये असंही वाटत होतं. पण हे गुरूला सांगितलं तर तो पाळक कसला!

बाबांनी कोट चढवला. बटणं लावताना ते एवढंच म्हणाले, “दहा कुमारींच्या दाखल्यात आत कोण गेलं?”

“शहाण्या पाच जणी.”

“त्या लग्नघरच्या कोण?”

“कोण म्हणजे... पाहुण्या. करवल्या म्हणा.”

“करवली दाराला कडी घालते?”

शांतवननं दात ओठ खाल्ले. ह्या माणसाला सरळ बोलायला काय होतं? यांना वडीलजनांनीच बोलावलं असणार हे आता त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या वडीलजनांना त्यानं मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शांतवननं प्रवचनाचा पांढरा झगा चढवला आणि दोघं चालत देवळाशी आले. दुसरी घंटा झाली. माणसं लगबगीनं आत शिरत होती, कारण तात्या दाराच्या आतल्या अंगाला घंटेचा दोर धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी सुटायची वेळ दिसत होती. शांतवननं रस्त्याकडं एकदा पाहिलं. रस्ता रिकामा होता.

शेवटची म्हातारी आत गेली. शांतवन चपला काढून उंबऱ्याकडं वळला, तर बाबा पायरीवरच थांबलेले.

“आणि सदोमात?”

“आता नको, बाबा! घंटा होतेय.”

“सदोमात दार कुणी लावलं?”

“देवदूतांनी! सांगितलं ना!”

“त्याच्या आधी.”

“आधी कुठं...”

“वाच.”

बायबल हातातच होतं. शांतवननं फराफरा पानं उलटली. एकोणिसावा अध्याय. घराला सदोमच्या माणसांनी वेढा घातलाय, आत पाहुणे आहेत. त्याचं बोट सहाव्या वचनावर थांबलं. त्यानं ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं.

“लोटानं लावलं,” तो हळूच म्हणाला.

“तेव्हा तो कुठं होता?”

“... बाहेर.”

“हं.”

“पण बाबा, त्यानंतर लोट तिथं जे बोलला ते देवळात वाचून दाखवण्यासारखं नाही.”

“मीही कधी दाखवलं नाही. मी दाराचं विचारतोय.” बाबांनी चपला काढून पायरीच्या कडेला नीट लावल्या. “तुझ्या तीन गोष्टींत माणसानं आपल्या हातानं लावलेलं दार हे एवढंच. तुला दार लावायची हौस आहे ना? लाव मग.”

“इथून?”

“तो बाहेर उभा होता.”

शांतवनचा संयम सुटला. सकाळपासून म्हातारा त्याला खेळवत होता. तारू झालं, करवल्या झाल्या, आता लोट. घ्या, लावतो दार! एकदाचं होऊन जाऊ दे! त्यानं दोन्ही हातांनी ती जड फळी धरली आणि धाडकन ओढून घेतली.

आत तिसरी घंटा झाली. लगेच कडी सरकल्याचा आवाज आला.

दोघंही पायरीवर उभे राहिले.

“तात्या!” शांतवननं दार वाजवलं. “तात्या, उघडा! मी बाहेर राहिलो!”

“दार लागलंय,” आतून तात्यांचा खणखणीत आवाज आला. “पुढच्या रविवारी या.”

“अहो तात्या, मी शांतवन! पाळक!”

आतून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तात्या म्हणाले, “मी तुम्हांला ओळखत नाही.”

“काय?”

“साहेब, तुम्हीच नाही का पढवलं मला? आवाज ओळखीचा असला तरी उघडायचं नाही. वर म्हणायचं, मी तुम्हांला ओळखत नाही. शास्त्रात हाये म्हणालात.”

“तात्या, मला प्रवचन सांगायचंय!”

“पाळकसाहेब सांगतील की. ते आतच असतील.”

पेटी वाजली आणि मंडळीनं गीत धरलं. पाळक दिसत नाही म्हणून गाणं थांबवतील ती आपली माणसं कसली! एका कडव्याची चार आवर्तनं करायची त्यांना सवयच आहे. त्या आवाजात शांतवनचं दार वाजवणं कुठल्या कुठं बुडून गेलं.

बाबा पायरीवर बसले. त्यांना हसू येत असेल असं शांतवनला वाटलं, म्हणून त्यानं रागानं पाहिलं. ते हसत नव्हते.

“आता काय करू मी?” तो जवळजवळ ओरडलाच. “सांगा ना! सकाळपासून एका प्रश्नाचं उत्तर मागतोय, तेही दिलं नाहीत! आणि आता माझ्याच देवळाबाहेर मला उभं केलंत!”

“मी?”

कडीचा नियम कुणाचा, तात्यांना पढवलं कुणी आणि फळी ओढली कुणी, हे कळायला बायबल शाळेत जावं लागत नाही.

त्यानं दाराला हात टेकला. लाकडापलीकडं त्याचीच माणसं गात होती. शब्द न् शब्द ओळखीचा होता. लहानपणी दादाच्या मांडीवर बसून हे गीत तो म्हणायचा. आतून ऐकताना ते कधी असं ऐकू आलं नव्हतं. गेल्या रविवारी दादा इथंच उभा होता, असाच इथं हात ठेवून, आणि आत आपण टेबलावर मूठ आपटून बाहेरच्यांचं काय होणार ते सांगत होतो. शांतवनला लाज वाटली. इतकी लाज वाटली की रागही त्यापुढं टिकेना.

“बाबा...”

बाबा रस्त्याकडं पाहत होते.

वळणावर दोन माणसं दिसली. पुढं पांढरा शर्ट, मागं डोक्यावर पदर घेतलेली बाई. चाल घाईची. आवाराच्या फाटकाशी येऊन पांढरा शर्ट थांबला. त्यानं दार पाहिलं. बंद दार. गीताचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

रत्नाकरनं खाली मान घातली. तो मागं वळला. बाईनं त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवून घेतली.

“दादा!”

शांतवन अनवाणीच धावला. खडी टोचत होती, पांढरा झगा पायांत येत होता. फाटकाशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. इतक्या वर्षांनी भावाचा चेहरा इतका जवळून दिसत होता. दादा म्हातारा झाला होता.

रत्नाकरनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरून दाराकडं पाहत तो म्हणाला, “लागलं ना?”

शांतवननं दादाची बाही धरली.

तेव्हा मागून, पायरीवर बसलेल्या ओहोळबाबांचा आवाज आला.

“दार लागलंय खरं, रत्नाकर. पण पाळक बाहेर आहे.”