काशीला न सोडलेली भाजी

एकदा एका मठात द्वादशीच्या सकाळी एका शिष्याकडे प्रथमच स्वयंपाकघर सोपवण्यात आले. एका व्यापाऱ्याने वीतभर लांबीच्या हिरव्या भाजीची टोपली आणून ठेवली आणि हिला झुकिनी म्हणतात, एवढे सांगून तो निघून गेला.

वाढताना पदार्थाचे नाव पुकारायची तिथली रीत होती. मठाच्या पंगतीत असले परके नाव घ्यायचे कसे, या संकोचाने शिष्याने तिला दुधी ठरवून टाकले. मग दुधीसारखीच ती चिरली आणि खिचडीत दुधीला लागते तेवढे पाणीही घातले. भाजीलाच भरपूर पाणी सुटले आणि खिचडी पार पातळ झाली. पण खरे संकट पुढेच होते.

“दुधीची खिचडी” असे पुकारत तो वाढू लागताच ऐंशीच्या एका आजींनी पानावर हात आडवा धरला. काशीयात्रेत आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडतात, तसा त्यांनी दुधी सोडला होता. पंगतीला दुसरे काहीच नव्हते. एकादशीला पाण्याचा घोटही न घेतलेली ही माउली आपल्यामुळे उपाशी उठणार, हे शिष्याच्या ध्यानात आले.

भरल्या पानावरून उठू नये, असे मठाचे वृद्ध आचार्य सर्वांना नेहमी बजावत. तरीही आपल्या पानातल्या फोडी दुधीच्या नाहीत हे ओळखून ते उठले, आत गेले आणि एक अख्खी भाजी आणून त्यांनी आजींच्या हाती दिली.

“ओळखता का हिला?”

आजींनी ती उलटसुलट करून पाहिली. “नाही हो महाराज. हे तर मी जन्मात पाहिलं नाही.”

“मग जे पाहिलंच नाही, ते सोडलंत कधी? निश्चिंत मनाने जेवा.”

शिष्याने खाली मान घालून सारे कबूल केले. आचार्य म्हणाले, “तुला अवघड वाटू नये म्हणून तू तिचं नाव बदललंस. एकदा दुधी म्हटल्यावर तिच्याकडे पाहायचंही तुला कारण उरलं नाही. हाताखाली काय चिरतो आहेस ते पाहिलं असतंस, तर पाणी तरी कमी घातलं असतंस.”

एवढ्यात आजींनी पान पुढे सरकवले. “वाढ रे बाळा, तुझी ती झुकिनी. उपासानंतर खिचडी पातळच बरी असते.”

शिष्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्या पानांवर त्याने झुकिनीचेच नाव पुकारले. दोघेतिघे हसले, आणि सगळे पोटभर जेवले.