उपडा तांब्या

“आणि एक बंद पडला, हे दुसऱ्याला कळतं कसं?” बुवांनी विचारलं.

सारंग बोरगावेला मनातून बरं वाटलं. या प्रश्नाचं उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं.

“सोपं आहे, बुवा. दोन्ही सर्व्हर एकमेकांना सारखी हाक मारत असतात. ‘आहेस का? आहेस का?’ ओ आली नाही, की समजायचं, गेला. लगेच दुसरा काम हातात घेतो. ईमेल एक मिनिटही थांबत नाही. यालाच क्लस्टर म्हणतात.”

“हं…”

रंगनाथबुवा भिंतीला टेकून बसले होते. आता वारणाकाठच्या मठात असले, तरी तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढलेला माणूस. तिथला पहिला कॉम्प्युटर यांनीच बसवला आणि सारंगला हाताला धरून यांनीच शिकवलं. आज तिथला सगळा कॉम्प्युटर विभाग सारंगकडे होता, आणि सारंग तसा ऐटीत चालायचाही!

पण गेल्या महिन्यात ईमेलचा सर्व्हर नऊ तास बंद पडला. मोठ्या टेंडरचं पत्र वेळेत पोचलं नाही. कारखान्याच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “पुन्हा असं झालं, तर तुमच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल.” सारंगने दोन सर्व्हरची योजना मांडली, तेव्हा त्यांनी दोन कागद मागितले. एकावर फायदे, एकावर तोटे. “आणि बुवांना दाखवा. ते हो म्हणाले, तर उद्या सही करते.”

बुवांनी चष्मा लावला. फायद्यांचा कागद गच्च भरलेला होता. तोट्यांचा कोरा.

“हा का रिकामा?”

“नाहीतच, तर काय लिहू?”

“पत्रं ठेवणार कुठे?”

“एका मोठ्या पेटीत. दोन्ही सर्व्हर तिथूनच घेणार.”

“पेट्या किती?”

“एक…”

“हं. आणि दोघांमधली तार तुटली, दोघंही धडधाकट असले, तर?”

सारंग जरा अडखळला. “मग… दोघांनाही वाटेल, दुसरा गेला. दोघंही मालक व्हायला बघतील. पण असं कोण होऊ देतंय, बुवा? मी आहे ना!”

“तू आजारी पडलास तर? हे दुखणं ओळखणारं दुसरं कोण आहे तिथं?”

आता मात्र सारंग चिडला. म्हाताऱ्याला नवीन काही नकोच असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली. पण तोंड थांबलं नाही.

“तुम्हाला क्लस्टर नको वाटतो, आणि तुमचं जेवण चालतं ते त्याच्यावरच! ती व्यवस्था कोणी लावली?”

ते खरं होतं. बुवांचं अयाचित व्रत. मागायचं नाही, आपण होऊन आलं तर खायचं. अकरा वर्षं समोरच्या मगदूमांकडून ताट यायचं. एकदा मगदूमांकडे लग्न होतं, त्या गडबडीत बुवा उपाशी राहिले. सारंगला ते लागलं. त्याने पलीकडच्या शिंत्र्यांनाही जोडून दिलं. एक घर चुकलं, तर दुसरं आहे. आणि खूण ठरवून दिली. जेवण झालं, की बुवांनी कट्ट्यावर तांब्या उपडा ठेवायचा. तांब्या दोन्ही घरांतून दिसतो. विचारायला यायलाच नको.

“आजचंच बघा,” सारंग म्हणाला. “येतानाच बघितलं मी. तांब्या उपडा. म्हणजे जेवण झालेलं. मला विचारावंसुद्धा लागलं नाही.”

“खरंच की…” बुवा म्हणाले. “मग काय जेवलो मी आज?”

सारंगने घड्याळ बघितलं.

 दुपारचे साडेतीन वाजले होते.

“बुवा… तुम्ही जेवला नाहीत?”

“सकाळी तांब्या चिंचेने घासला. निथळायला उपडा घातला. लक्षात आलं तेव्हा जेवणवेळ झाली होती. आता उचलला, तर मागितल्यासारखं झालं असतं.”

“अहो, पण मला तरी सांगायचं!”

“तू विचारलंस कुठे?”

सारंग अनवाणीच मगदूमांच्या दारात पळाला.

“अगं बाई!” मगदूमवहिनींनी कपाळावर हात मारला. “तांब्या उपडा दिसला, मला वाटलं शिंत्र्यांचं आलं असंल. आधी मी रोज वाकून विचारत होते बघा, ‘बुवा, जेवलासा का?’ तुम्ही खूण लावून दिली, तवापासनं नुसतं खिडकीतनं बघायचं.”

शिंत्र्यांकडेही तेच. आजी म्हणाल्या, “आमाला वाटलं मगदूमांचं आलं. माझी भाकरी तर झाकूनच हाय अजून. दोन घरचा पावणा उपाशी म्हणतात, ते काय खोटं न्हाई, लेका.”

दहा मिनिटांत मठात दोन ताटं आली. पिठलं-भाकरी एकीकडून, आमटी-भात दुसरीकडून. दोघी एकमेकींकडे बघून ओशाळल्या. बुवांनी एक ताट पुढे ओढलं आणि दुसरं सारंगपुढे सरकवलं.

गुरूला उपाशी ठेवलं ते आपल्याच हुशारीने, हे सारंगला पुरतं कळलं होतं. डोळे भरून आले.

बुवा मात्र सावकाश, चवीने जेवले. हात धुतले. तांब्या नेहमीसारखा कट्ट्यावर उपडा ठेवला.

“मग मालकीणबाईंना काय सांगू?” सारंगने विचारलं. “दोन सर्व्हर नकोत म्हणून सांगू? पुन्हा एकच?”

“नको कधी म्हणालो मी?”

“मग तुमचा होकार आहे?”

बुवांनी तोट्यांचा कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. खिशातलं पेन काढून दिलं.

“आधी हा भर.”

“पहिलं काय लिहू?”

बुवांनी दारातून बाहेर बघितलं. आधी मगदूमांच्या घराकडे, मग शिंत्र्यांच्या…

“लिही. ‘आज दोन्ही चुली पेटलेल्या होत्या.’”